मोठं टेन्शन, छोटी सवय

घरात कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की सगळ्यात आधी आपलं जेवण, झोप आणि चालणं-फिरणं कोलमडतं. ‘हे सगळं ठीक झालं की मग बघू’ असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण नेमकं त्याच दिवसांत एखादी छोटी गोष्ट धरून ठेवली तर?

लेक्चर चालू असतं. फोन सायलेंटवर. आईचे तीन मिस्ड कॉल आणि चौथा शेजारच्या काकूंचा. शेजारच्या काकू तुम्हाला एरवी कधीच फोन करत नाहीत. म्हणजे काहीतरी झालंय, हे फोन उचलायच्या आधीच कळतं.

तुमच्यापैकी काहींनी हा फोन घेतलेला असेल. काहींच्या घरी फोन न येताच दिवस बदलले असतील. बाबांची कंपनी बंद झाली, आई-बाबांचं रोज रात्री वाजायला लागलं, आजीचा विसरभोळेपणा वाढला. कारणं वेगवेगळी, पण पुढचं चित्र सारखंच. सबमिशन लटकतात, अटेंडन्स घसरते आणि आपण दोन महिने वडापाव, चहा आणि चार तासांच्या झोपेवर काढतो.

मला तो फोन गेल्या वर्षी जुलैमध्ये आला. पप्पा खैरानी रोडवरच्या वर्कशॉपमध्ये कामावर होते. छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. सोबतच्या कामगारांनी त्यांना रिक्षात घातलं. हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी झाली, नऊ दिवस हॉस्पिटल. पप्पा वाचले, आज बरे आहेत, हे आधीच सांगतो. कारण हा लेख त्यांच्याबद्दल नाही. तो त्यांच्या पलंगाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या बाकीच्यांबद्दल आहे. म्हणजे माझ्याबद्दल, माझ्या आईबद्दल आणि उद्या कदाचित तुमच्याबद्दल.

नऊ दिवसांचा मेन्यू

साकीनाक्याच्या आमच्या खोलीत पाच माणसं. आई-पप्पा, आजी, बारावीतली बहीण आणि मी. हॉस्पिटल मध्य रेल्वेवर. म्हणजे साकीनाक्याहून मेट्रोने असल्फा, जागृती नगर, घाटकोपर आणि पुढे लोकल. आई दिवसा पप्पांजवळ, मी रात्री. बहीण आजीला सांभाळून अभ्यास करणार, असं ठरलं.

त्या नऊ दिवसांत मी काय खाल्लं, ते नंतर एकदा बसून आठवलं. सकाळी चहा-खारी. दुपारी वडापाव, कधी समोसापाव. रात्री स्टेशनखालच्या गाडीवरचा फ्राइड राइस. मध्ये मध्ये सात-आठ कटिंग. पाणी जवळजवळ नाहीच, कारण पाणी प्यायलं की बाथरूम शोधावी लागते आणि वॉर्डाबाहेरच्या बाथरूमची अवस्था तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आईचं तर त्याहून वाईट. ती घरून निघताना ‘तिकडे खाईन’ म्हणायची आणि तिकडून आल्यावर ‘खाल्लं’ म्हणायची.

झोप म्हणाल तर बाकावर बसल्या बसल्या. जागा असलो की हातात फोन. कारण फॅमिली ग्रुपवर सतरा नातेवाईक एकच प्रश्न विचारत असायचे, ‘काय म्हणाले डॉक्टर?’

यात आळस किंवा बेफिकिरी नव्हती. शरीरच तसं वागतं. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. धोक्याच्या वेळी अंगात ताकद आणणं हे त्याचं काम. पण तो ताण दिवसेंदिवस राहिला, तर तळलेलं, गोड, खारट असं काहीतरी हवंहवंसं वाटायला लागतं. त्यात झोप कमी. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि ‘पोट भरलं’ असा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. म्हणजे रात्री अकरा वाजता फ्राइड राइसच्या गाडीकडे पाय वळतात, तेव्हा ‘माझ्यात कंट्रोल नाही’ म्हणून स्वतःला शिव्या घालू नका. निम्मं काम तुमच्या अपुऱ्या झोपेनं केलेलं असतं.

पाच वाजता उठणार, पंचवीस सूर्यनमस्कार घालणार

पाचव्या दिवशी मी एक मोठी चूक केली. वॉर्डाबाहेर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघितले. हृदयरोग, आनुवंशिकता वगैरे. घाबरलो. घरी येऊन एका कागदावर टाइमटेबल लिहिलं आणि ते भिंतीला चिकटवलं. पहाटे पाचला उठणे. पंचवीस सूर्यनमस्कार. साखर बंद, मैदा बंद, चहा बंद. रोज दहा हजार पावलं. रात्री दहाला झोप.

रात्री दहाला मी हॉस्पिटलला निघायचो, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो, सतरंजी अंथरून नमस्कार घालायला उभा राहिलो. आई पप्पांचा डबा भरत होती. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, “बाप तिकडे पडलाय आणि तुला बॉडी बनवायचीय होय रे?” मी चिडलो, तीही चिडली. आजी मध्ये पडली. तिसऱ्या दिवशी तो कागद मीच फाडला. वर एक अपराधी भावना पदरात पडली की, साधं एवढंही आपल्याला जमत नाही.

तुमच्या घरी असा कागद असेल, तर तो आत्ताच काढून टाका. तो तुमच्या चांगल्या दिवसांसाठी लिहिलेला आहे. तुम्हाला हवाय वाईट दिवसांत चालेल असा कागद, आणि त्यावर एकच ओळ असावी.

आईची एक गोळी

पप्पा घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई मोरीजवळ चक्कर येऊन खाली बसली. गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी निघालं १७०/१००. डॉक्टरांनी विचारलं, “गोळी चालू आहे ना?” आई गप्प. चार वर्षं ती बीपीची गोळी घेते. गेले अकरा दिवस तिनं ती घेतलीच नव्हती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, “तुझ्या पप्पांच्या सात गोळ्या लक्षात ठेवता ठेवता माझी एक राहिली.”

मला तेव्हा कळलं की ‘स्वतःची काळजी’ म्हणजे काही फेस मास्क लावून गाणी ऐकणं नव्हे. घरात एक माणूस आजारी असताना दुसरं आजारी पडलं, तर सगळा भार तिसऱ्यावर येतो. आमच्या घरात तिसरा मी होतो आणि चौथी बारावीतली बहीण. त्यामुळे आई जेवली का, तिनं गोळी घेतली का, आपण झोपलो का, हे प्रश्न स्वार्थाचे नव्हते. पप्पांच्या औषधांइतकेच ते महत्त्वाचे होते.

त्या संध्याकाळी आम्ही एकच गोष्ट केली. आईच्या गोळ्यांचं पाकीट देवघराजवळच्या पिशवीतून काढलं आणि चहा-साखरेच्या डब्यांच्या मध्ये ठेवलं. कारण आई सकाळी दुसरं काही विसरेल, चहा विसरणार नाही. डॉक्टरांनी गोळी सकाळीच घ्यायला सांगितली होती. साखरेचा डबा उघडला की पाकीट दिसतं. बस्स, एवढंच. त्यानंतर तिची गोळी चुकलेली नाही.

खुंटी आधीच भिंतीत असते

हे आम्ही अंदाजानं केलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की यावर चांगला अभ्यास झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक प्रयोग केला. प्रत्येकानं एक साधी गोष्ट निवडायची, उदाहरणार्थ जेवताना एक फळ खाणं, आणि ती रोज एकाच ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण हा आकडा सरासरीचा. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे आपण रील्समध्ये ऐकतो, ते विसरा. तुम्हाला तीन महिने लागले तरी तुमच्यात काही बिघाड नाही.

या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीच्या वाटेत फारसा फरक पडला नाही. घरात टेन्शन असलेल्या माणसासाठी हे किती मोठं आहे बघा. एखाद्या रात्री अचानक हॉस्पिटलला पळावं लागणारच. त्या दिवशी फळ राहिलं तर राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बी. जे. फॉग यांचं ‘टायनी हॅबिट्स’ हे २०१९ मधलं पुस्तकही हेच सांगतं. नवी गोष्ट अगदी लहान करा आणि रोज होणाऱ्या जुन्या गोष्टीच्या मागे लावा. आपल्या भाषेत सांगायचं तर नवी पिशवी टांगायला नवी खुंटी ठोकू नका. भिंतीत आधीच असलेली खुंटी शोधा. चहा, दात घासणं, कुकर लावणं, मेट्रोतून उतरणं, फोन चार्जिंगला लावणं. घर कितीही हललं तरी या खुंट्या जागच्या जागी असतात.

चालायचं कुठे?

‘चालायला जा’ असं सांगणारा माणूस बहुधा साकीनाक्याला राहत नसावा. अंधेरी-कुर्ला रोडवर फुटपाथ आहे, पण तिथे आधीच स्टॉल आहेत, बाइक आहेत, माणसं आहेत. ‘ताण आला की शांत उभे राहून दीर्घ श्वास घ्या’ म्हणणाऱ्यांना संध्याकाळी सात वाजता साकीनाका जंक्शनला आणून उभं करावं. वरून विमान, समोर बस, बाजूला रिक्षाचा धूर.

म्हणून जागा आणि वेळ आपली आपण शोधावी लागते. मी निवडली मेट्रो. २०१४ मध्ये ही घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून आपण सगळे सरकत्या जिन्यानंच जातो. मी ठरवलं, साकीनाका स्टेशनला साधा जिना. चढताना आणि उतरताना. बाकी काही नाही. दिवसातून दोनदा, कधी चारदा. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत आणि आईला ‘बॉडी बनवतोय’ असंही वाटत नाही.

एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण आधी एक अट होती, व्यायामाचा प्रत्येक तुकडा किमान दहा मिनिटांचा हवा. २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली. थोडं चालणं, थोडे जिने, सगळं हिशेबात धरलं जातं. आणि ते दहा हजार पावलांचं गणित? ते कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या डोक्यात बसलं आणि आकडा जगभर पसरला. दहा हजार वाईट नाहीत. पण तीन हजारांवरून चार हजारांवर गेलात तरी ती प्रगतीच आहे.

पप्पा घरी आल्यावर डॉक्टरांनी त्यांना हळूहळू चालायला सांगितलं. मग रात्री जेवणानंतर दहा मिनिटं आम्ही दोघं गल्लीत एक फेरी मारायला लागलो. मुख्य रस्ता नाही, आतली गल्ली. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही, हा फायदा आहेच. पण खरं सांगू? हॉस्पिटलमध्ये पप्पा माझ्याशी जे बोलले नाहीत, ते त्या फेरीत बोलले. कर्ज किती आहे, वर्कशॉपच्या मालकानं काय सांगितलं, त्यांना कशाची भीती वाटते. समोरासमोर बसून बाप-लेक असं बोलत नाहीत. शेजारी शेजारी चालताना बोलता येतं.

कुकर कोण लावणार?

आता एक अवघड प्रश्न, विशेषतः मुलांसाठी. तुमच्या घरातलं चांगलं जेवण कुणाच्या हातावर चालतं? बहुतेक घरांत आईच्या. मग आई हॉस्पिटलमध्ये बसली, की घरातलं जेवणच बंद पडतं आणि आपण बाहेरचं मागवतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. मी एकवीस वर्षांचा घोडा, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

बहिणीनं मला मुगाच्या डाळीची खिचडी शिकवली. तांदूळ, डाळ, हळद, मीठ, असेल तर एक टोमॅटो आणि मूठभर पालक. फोडणी दिली तर उत्तम, नाही दिली तरी चालतं. वीस-पंचवीस मिनिटांत पाच माणसं जेवतात. चायनीजच्या दोन प्लेटपेक्षा स्वस्त. आठवड्यातून दोन रात्री खिचडी माझी, असं ठरलं. आज मला पोहे, अंड्याची भुर्जी आणि कोशिंबीरही येते. चपात्यांचे अजून नकाशे होतात.

बाहेर असताना मी एकच बदल केला. बॅगेत एक केळं आणि भाजलेल्या चण्यांची पुडी. वडापाव सोडला नाही. पण आधी केळं-चणे, मग भूक उरली तर वडापाव. बऱ्याचदा एकच पुरतो, दुसरा लागत नाही. आणि पाण्याची बाटली. बाटली सोबत असली की पाणी प्यायलं जातं, एवढं साधं आहे.

पप्पांच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा आधी आईनं त्यांची भाजी वेगळी करायला सुरुवात केली. म्हणजे तिचं काम दुप्पट. शिवाय पप्पांना वाटायचं, आपल्याला शिक्षा झालीय. मग सगळ्यांचीच भाजी कमी मिठाची झाली. प्रौढ माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण यातूनच त्यातलं बरंचसं पोटात जातं. पहिले दहा दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. आजीनं तर जाहीर निषेध केला. मग जिभेला सवय झाली. यात आईचं बीपीही आलंच.

रात्री आठचा मेसेज

झोपेचं काय? खोली एकच असेल, कुणीतरी रात्री खोकत असेल, तर ‘आठ तास शांत झोप घ्या’ हा सल्ला म्हणजे थट्टा वाटते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी, हे खरं. पण ती एका दमात मिळत नसेल, तर जी मिळतेय ती तरी वाया घालवू नका. माझी झोप पप्पांच्या खोकल्यानं जात नव्हती, फॅमिली ग्रुपनं जात होती. रात्री साडेबाराला नागपूरच्या काकांचा प्रश्न, एकला गावच्या आत्याचं उत्तर, मग कुणीतरी लिंबू-मधाचा रामबाण उपाय पाठवणार.

मग मी नियम केला. रोज रात्री आठ वाजता एकच मेसेज. ‘आज पप्पांची तब्येत अशी. डॉक्टर असं म्हणाले. उद्या ही टेस्ट आहे. अर्जंट असेल तर मी फोन करीन.’ आणि ग्रुप म्यूट. दोन दिवस काहींना राग आला. तिसऱ्या दिवसापासून सगळे आठ वाजायची वाट बघायला लागले. फोन मी चार्जिंगला लावायचो तो हाताला येणार नाही अशा कोपऱ्यात. हॉस्पिटलचा आणि आईचा नंबर तेवढा वाजेल असं सेटिंग. एवढ्यानं माझी जवळजवळ तासभर झोप वाढली.

अजून एक. ‘काही लागलं तर सांग हं’ असं सगळेच म्हणतात आणि आपण ‘हो’ म्हणून सोडून देतो. सांगा ना! पण नेमकं सांगा. आम्ही शेजारच्या मावशींना म्हटलं, “मावशी, मंगळवारी आणि शुक्रवारी आजीला दुपारची भाकरी द्याल का?” त्यांना आनंदच झाला. लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. मित्रांनाही ‘ये ना भेटायला’ म्हणण्याऐवजी ‘नोट्सचे फोटो पाठव आणि रविवारी दोन तास पप्पांजवळ बस’ असं सांगा.

डॉक्टरांनाही हे सोपं गेलं नाही

तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्यांच्या कपाटात डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ असण्याची बरीच शक्यता आहे. आमच्याकडे पप्पांना भेटायला आलेल्या एका काकांनी ते आणून दिलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्यासोबत लोकांच्या आरोग्यासाठी आयुष्य दिलेल्या या डॉक्टरांना १९९५ मध्ये, ऐन चाळिशीत, हार्ट अटॅक आला. इतरांच्या आरोग्याची चिंता करणाऱ्या माणसाचं स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष झालेलं होतं. आहार, व्यायाम, योग, ध्यान आणि आपली धावपळ, हे सगळं त्यांना नव्यानं तपासावं लागलं. ते पुस्तक मराठीत इतकं वाचलं गेलं, त्याचं एक कारण हेच असावं. ज्याला सगळं माहीत आहे, त्यालाही स्वतःसाठी थांबणं अवघड जातं. मग आईला अवघड गेलं आणि तुम्हा-आम्हाला जातं, यात नवल काय?

केळं खाऊन ईएमआय भरता येत नाही

हे सांगितलं नाही तर मी खोटं बोललो असं होईल. मेट्रोचा जिना चढून घरावरचं कर्ज फिटत नाही. खिचडी खाऊन आई-बाबांचं भांडण मिटत नाही. दादाची दारू सुटत नाही. छोट्या सवयी संकट सोडवत नाहीत. संकट चालू असताना तुम्ही उभे राहू शकाल एवढंच त्या करतात. आणि काही वेळा तेवढंही पुरत नाही.

दोन-तीन आठवडे झोपच येत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, सारखं रडू येत असेल, कशातच अर्थ वाटत नसेल, किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर तिथे केळं आणि जिना विसरा आणि बोला. तो विचार मनात आला असेल तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी बोला. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवस-रात्र कधीही लावा, मराठीत बोलता येतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही संस्था मानसिक आरोग्यासाठी काम करते. तुमच्या कॉलेजात काउन्सेलर असेल, तर त्यांच्याकडे जा. एखाद्या शिक्षकांना घरची परिस्थिती सांगा. मी माझ्या एका मॅडमना सांगितलं, तेव्हा सबमिशनची तारीख पुढे मिळाली. न सांगता राहिलो असतो तर केटी लागली असती.

आजपासून सुरू करायचं तर

• एकच गोष्ट निवडा. दोन नाहीत.

• ती इतकी लहान करा की सगळ्यात वाईट दिवशीही दोन-पाच मिनिटांत होईल.

• रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती अडकवा. चहानंतर, कुकर लावल्यावर, ट्रेनमधून उतरल्यावर.

• लागणारी वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. गोळी साखरेशेजारी, बाटली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, फळ ओट्यावर.

• एक दिवस चुकला तर हिशेब मांडत बसू नका. दुसऱ्या दिवशी करा.

• घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसाला रोज एक प्रश्न विचारा, ‘तू जेवलीस का? तुझी गोळी घेतलीस का?’ आणि ‘हो’ म्हटलं तरी एकदा पाकीट बघा.

आमच्या घरात सगळं ठीक झालंय असं नाही. पप्पा आता हलकं काम करतात, पगार कमी झालाय. बहिणीची सीईटी आहे. मी इथे इंटर्नशिप करतोय आणि रात्री उशिरा घरी पोचतो. ‘सगळं ठीक झालं की’ म्हणून थांबलो असतो, तर अजून थांबलेलोच असतो.

परवा सकाळी निघायच्या घाईत होतो. आईनं चहा टाकला, साखरेचा डबा उघडला, गोळी घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “केळं घेतलंस का?”

घेतलं नव्हतं. परत फिरून घेतलं.